सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) रिपोर्ट: फोटोवाला की आकडेवाला?
एका रिपोर्टमध्ये झाडं लावतानाचे फोटो, दुसऱ्यात एक टन माल काढायला किती पाणी लागलं, मागच्या वर्षी किती लागलं होतं, किती कामगार जखमी झाले, सगळं, अगदी मागच्यापेक्षा वाईट झालेला आकडासुद्धा. मला दुसराच पटतो. पाणी-वीज मोजली की वाचवता येते, ते नफ्यात दिसतं, आणि धोका आधी कळला की भांडवलही (कर्ज, गुंतवणूक) स्वस्त पडू शकतं. शेअरचं मात्र वेगळं बरं का, चांगली बातमी भावात आधीच आली असेल तर पुढे जास्त रिटर्न मिळेलच असं नाही. तरी खान, सेराफिम, यून या संशोधकांच्या २०१६ च्या अभ्यासात धंद्याशी थेट संबंधित मुद्द्यांवर चांगलं काम करणाऱ्या कंपन्यांचे शेअर पुढे गेले, बाकी मुद्द्यांनी तसा फायदा दिसला नाही. फोटोंनी फार तर नाव होतं.