क्रूझचा बुकिंग नंबर खरा निघाला, बुकिंग मात्र नव्हतंच

एजंटकडून मुंबई–गोवा क्रूझ बुक करणार असाल तर आधी हे वाचा. एजंटने दिलेला बुकिंग नंबर खरा असू शकतो, कंपनीच्या सिस्टीममध्ये दिसूही शकतो, आणि तरीही जहाजावर तुमच्या नावाची एकही केबिन नसते. आमच्या कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपला हे बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर, बॅगा हातात असताना कळलं.

आम्ही सगळ्या नाशिकच्या. सकाळच्या पंचवटीने सीएसएमटीला उतरलो आणि टॅक्सीने टर्मिनल गाठलं. जहाज संध्याकाळी सुटणार होतं. एजंट म्हणाला होता, "ताई, तुम्ही वेब चेक-इनच्या भानगडीत पडू नका. ग्रुप बुकिंग आहे, आमचा माणूस बोर्डिंग पास घेऊन गेटवर उभा असेल." गेटवर कोणी नव्हतं. फोन केला तर "ट्रॅफिकमध्ये अडकलाय, पोचतोच." मग "सर्व्हर डाऊन आहे." दुपारनंतर फोन बंद.

काउंटरवरच्या मुलीने आमच्या व्हाउचरवरचा नंबर टाकला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. चार बाल्कनी केबिन, प्रत्येकीचं नाव बरोबर. जमा रकमेच्या रकान्यात शून्य. त्याखाली: रद्द. तिने समजावून सांगितलं की एजंटला पैसे न भरता काही दिवस केबिन होल्डवर ठेवता येतात. होल्ड केल्याबरोबर नंबर तयार होतो, आणि ठरलेल्या मुदतीत रक्कम आली नाही तर केबिन आपोआप सुटतात. या माणसाने तो नंबर उचलला, स्वतः बनवलेल्या व्हाउचरवर कंपनीचा लोगो टाकला, हिरव्या अक्षरांत 'कन्फर्म्ड' छापलं आणि आमच्याकडून पूर्ण पैसे घेतले. वेब चेक-इन का नको होतं, ते तिथे उलगडलं. आम्ही ते करायला गेलो असतो तर त्याच क्षणी त्याचं बिंग फुटलं असतं.

पैसे हप्त्यांनी गेले आणि प्रत्येक हप्त्याला वेगळा क्यूआर कोड आला. एकदा अकाउंटंटचा, एकदा भावाचा, कारण काय तर "करंट अकाउंटची लिमिट संपली." आमच्यातल्या एकीने भिशी लागल्यावर ते सगळे पैसे या सहलीसाठी बाजूला ठेवले होते. ती बॅगेवर बसून रडत होती आणि शेजारून लोक हसत-खेळत आत जात होते. त्या माणसाचा मला आजही संताप येतो. आमची नावं टाइप करताना त्याला पक्कं माहीत होतं की या बायका गेटवरून परत जाणार आहेत.

ऐनवेळी केबिन मिळत होत्या, पण त्या दिवसाच्या भावाने. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं.

टर्मिनलवरूनच आम्ही 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन केला. पैसे जाऊन जितका वेळ होतो तितकी ते खात्यात गोठवण्याची शक्यता कमी होते, म्हणून घरी पोचेपर्यंत थांबू नका. प्रत्येक यूपीआय व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक लागतो, तो अ‍ॅपमध्ये सापडतो. काउंटरवरून निघण्याआधी आम्ही कंपनीकडून ईमेल मागून घेतला: या नंबरवर रक्कम जमा नाही, बुकिंग रद्द. पोलिसांत हाच कागद सगळ्यात जास्त उपयोगी पडला. फसवणुकीचं कलम आता 420 नाही, भारतीय न्याय संहितेचं 318 आहे. शिवाय 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

एजंट वाईटच असतात असं मी म्हणत नाही, चांगल्या एजंटमुळे अनेकांचा प्रवास सोपा होतो. पण शेवटचा हप्ता देण्याआधी क्रूझ कंपनीला स्वतः फोन करा. तो नंबर कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या. गुगलवर शोधून वर येणारे कस्टमर केअरचे नंबरही कित्येकदा भामट्यांचे असतात. "बुकिंग कन्फर्म आहे का" एवढंच विचारू नका. "आजपर्यंत किती रक्कम जमा आहे आणि होल्ड कधीपर्यंत आहे" असं विचारा. पावतीवर जीएसटी नंबर असेल तर तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहा, नोंदणी कोणाच्या नावाची आहे ते लगेच दिसतं. वेब चेक-इन सुरू झालं की ते स्वतःच्या मोबाइलवर स्वतः करा.

आम्ही हे सगळं नाशिकच्या ओळखीच्या ग्रुपांवर टाकलं तेव्हा सिन्नरच्या एका कुटुंबाचा फोन आला. एजंट तोच, व्हाउचर तसंच, हिरवं 'कन्फर्म्ड' सुद्धा. त्यांनी कंपनीला विचारलं, तर त्यांच्याही नंबरवर एक रुपया जमा नव्हता. त्यांचा शेवटचा हप्ता द्यायचा बाकी होता, तो वाचला. आधी दिलेल्या पैशांसाठी त्यांनी लगेच तक्रार केली.