मधमाश्यांच्या पेट्यांपायी माझे २१,९५० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

मेलिफेरा म्हणजे युरोपीय जातीच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या, १३,००० रुपये. 'सरकारी नोंदणी आणि विमा', ३,५०० रुपये. रोगाची तपासणी १,२००, औषध १,८५०, टॉनिक २,४००. एकूण २१,९५० रुपये फोनवरून एकाच माणसाच्या खात्यात गेले. त्यातले १५,००० बचत गटाच्या कर्जाचे. पेट्या रिकाम्या झाल्या, हप्ता मात्र चालू आहे. हे चारचौघांत सांगायची मला लाज वाटते. तरी लिहिते, कारण माझ्या परसातल्या पेट्या पाहून गटातल्या आणखी दोघींनी त्याच माणसाला प्रत्येकी ६,५०० रुपये दिले.

आमचं गाव वरूड तालुक्यात. घरामागे संत्र्याची झाडं, त्यापलीकडे तुरीचं वावर. तुरीच्या फुलोऱ्यावर माश्या वाढवायच्या आणि आंबिया बहाराच्या फुलांवर मध काढायचा, हा हिशेब काही खोटा नव्हता. केंद्र सरकारनं २०२० मध्ये मधमाशीपालनासाठी ५०० कोटींचं अभियान जाहीर केलं, हेही खरं, आणि तो माणूस बोलायला सुरुवात तिथूनच करायचा. खऱ्या गोष्टी तो भरपूर सांगायचा. पेट्या रात्री आणल्या. मधमाश्या रात्रीच हलवतात, नाहीतर दिवसा चरायला गेलेल्या माश्या मागेच राहतात. 'ताई, दोन-तीन दिवस उघडू नका, बसू द्या त्यांना,' म्हणाला. हेही कोणताही मधपाळ सांगेल. मग आत माश्या किती, राणी आहे की नाही, हे मी अंधारात कसं बघणार होते? आठ-आठ फ्रेम, म्हणजे पोळ्याच्या चौकटी, माश्यांनी भरलेल्या द्यायचं ठरलं होतं. उघडल्यावर एका पेटीत चार फ्रेमवर माश्या होत्या, दुसरीत जेमतेम तीन. पैसे आधीच गेले होते.

घेणाऱ्यांनी एवढं तरी करा: पेटी जिथे आहे तिथे दिवसा जा, आपल्यासमोर उघडायला लावा, राणी डोळ्यांनी बघा आणि मगच पैसे द्या.

आता ज्या क्षणाची आठवण आली की अजून तळपायाची आग मस्तकात जाते, तो सांगते. कोवळ्या उन्हात पहिल्या पेटीतली फ्रेम वर धरली तर पोळ्याच्या एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन अंडी. काही तर तळाशी नव्हतीच, भिंतीला चिकटलेली. मी फोटो काढून त्याला पाठवला. उत्तर आलं, 'राणी जोरात आहे ताई. डबल अंडी, डबल मध.' तो मेसेज मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

सगळं तिथेच, माझ्या हातातल्या त्या फ्रेमवर दिसत होतं. चांगली राणी एका घरात एकच अंडं घालते, अगदी तळाशी. नवी राणी सुरुवातीला कधी एखाद्या घरात दोन घालते, पण तीही तळाशीच, आणि ते लवकर थांबतं. घराघरात दोन-तीन अंडी आणि तीही भिंतीला, म्हणजे पेटीत राणी नाही आणि कामकरी माश्या अंडी घालताहेत. त्यांचं पोट आखूड, ते तळापर्यंत पोचत नाही. त्या अंड्यांतून फक्त नर निघतात. नर मध आणत नाहीत, पिल्लं सांभाळत नाहीत. कामाच्या हंगामात कामकरी माशी जेमतेम दीड महिना जगते, मग नव्या कामकरी आल्या नाहीत तर पेटी ओस पडणारच. आणि राणी गेली की दुसऱ्या दिवशी कामकरी अंडी घालू लागत नाहीत, मेलिफेरात त्याला काही आठवडे जातात. म्हणजे पेटी माझ्या दारात उतरली तेव्हाच ती बिनराणीची होती. त्याला हे माहीत होतं. मला माहीत असण्याचं कारणच नव्हतं, कारण शिकवणाराही तोच होता.

माश्या कमी व्हायला लागल्या तशी माझी घालमेल सुरू झाली. रोज पेटीपुढे मेलेल्या माश्या झाडायच्या. फ्रेमवर उंच फुगलेली झाकणं दिसू लागली. ती नरांच्या कोषांची असतात, हे नंतर कळलं. त्यानं त्या फोटोवरून रोग सांगितला. मेलेल्या माश्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून कुरियरनं मागवल्या आणि १,२०० रुपये घेऊन व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवला: 'वरोआ पॉझिटिव्ह'. ना प्रयोगशाळेचं नाव, ना सही. वरोआ हा माशीच्या अंगाला चिकटणारा, कोळ्याच्या वर्गातला लालसर तपकिरी जीव नुसत्या डोळ्यांना दिसतो. बरणीत अर्धी वाटी माश्या घ्या (राणी नको!), तोंडाला जाळी लावा, पिठीसाखर टाकून घोळवा आणि पांढऱ्या कागदावर झटका. असला तर कागदावर पडतो. माश्याही जगतात.

औषधाच्या बाटलीवर लेबल नव्हतं. कंपनी नाही, बॅच नाही, तारीख नाही. असली बाटली पेटीजवळ नेऊ नका, आत प्रतिजैविक असेल तर ते मधात उतरतं. टॉनिकला गुळाच्या पाकाचा वास येत होता. दुसऱ्या पेटीत राणी होती, पण 'वाढीला जागा द्या' म्हणून त्यानं रिकाम्या फ्रेम भरायला लावल्या. कमजोर पेटीत फ्रेम कमी करायच्या असतात. माश्यांना राखता येत नाही एवढं पोळं असलं की मेण खाणारा पतंग शिरतो. तसाच शिरला, अळ्यांनी पांढरं जाळं करून सगळं पोळं खाल्लं.

अमरावतीकडच्या एका जुन्या मधपाळांनी फ्रेम हातात घेतल्या घेतल्या हे सगळं सांगितलं. त्यांनी एक रुपया घेतला नाही.

मग कार्यालयं सुरू झाली. पोलीस ठाण्यात म्हणाले, 'माश्या उडून गेल्या, त्याची तक्रार कशी घ्यायची ताई?' आणि बाकीचे हसले. एकानं विचारलं, 'अशा स्कीममध्ये पडल्याच काहून?' फसवणाऱ्याचा नंबर, खातं, चॅट सगळं समोर ठेवलं होतं. ते कोणी हातात घेतलं नाही. कृषी कार्यालयात, 'हा विषय आमच्याकडे येत नाही.' जनावरांच्या दवाखान्यात, 'गाय-म्हैस असेल तर बोला.' जिल्ह्याला गेले तर, 'तुम्ही अधिकृत यादीतल्या माणसाकडून घेतलं नाही.' यादी दाखवा म्हटलं तर साहेब मीटिंगला. बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकला. बियाणं उगवलं नाही तर तालुक्याची समिती वावरात येऊन पंचनामा करते. माझ्या पेटीचा पंचनामा कोणी करायचा? मधमाशीपालन करा म्हणून भाषणं देताना सगळे हजर असतात. बाईमाणूस घराबाहेर पडून दोन पैसे कमवू बघते, तिला टेबलाटेबलावर फिरवून घरी पाठवायचं, हाच यांचा कारभार!

ऑनलाइन पैसे गेले की ठाण्याची वाट बघत बसू नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मला हा नंबर उशिरा कळला, तोवर पैसे पुढच्या खात्यात सरकले होते. अनुदान, नोंदणी, विमा यासाठी कोणी खासगी खात्यावर पैसे मागितले तर तिथेच फोन ठेवा. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. ठाणेदारानं तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. मी पाठवली आहे.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. आम्ही तिघी मिळून अर्ज तयार करतो आहोत. वरूड, मोर्शी, काटोल भागात कोणी अशाच माणसाकडून पेट्या घेतल्या असतील तर चॅट पुसू नका, औषधाची बाटली फेकू नका, पेटीवर नंबर असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा आणि आमच्यासोबत या.