जेल भरलेले नी-पॅड: लाद्या बसवणाऱ्याचा अनुभव

लाद्या बसवायच्या म्हणजे सगळा दिवस गुडघ्यांवर. माझ्या उजव्या गुडघ्यावर लिंबाएवढी मऊ सूज आली, तेव्हा साइटवर जो तो म्हणाला, गुडघ्यात पाणी झालं. डॉक्टरांनी बोटाने दाबून दाखवलं की पाणी सांध्यात नाहीच, ते गुडघ्याची वाटी आणि कातडी यांच्या मधे आहे. कातडी वाटीवरून सहज सरकावी म्हणून तिथे बर्सा नावाची पातळ पिशवी असते. रोज अंगाचं वजन तिच्यावर पडत राहिलं की ती सुजते आणि आत द्रव साठतो. चालताना मला फारसा त्रास नव्हता, पण गुडघा टेकवला की कळ डोक्यात जायची, त्याचं कारण हेच.

पॅड घेतले ते सूज उतरल्यावर. ज्यांचा गुडघा आत्ता सुजलेला आहे त्यांना कळकळीने सांगतो, पॅड हा त्यावरचा इलाज नाही. आधी टेकणं बंद. कपड्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी १५-२० मिनिटं, बसताना पाय उंच, डॉक्टरांनी सांगितलं तर इलॅस्टिकची पट्टी आणि गोळ्या. उतरायला वेळ लागतो, तो द्यावाच लागतो.

आता पॅडबद्दल. बाहेर कडक कवच, आत फोम, बरोबर वाटीखाली जेलची गादी, मागे दोन पट्टे. घालून टेकलो की वाटी खोलगट भागात बसते आणि भार एका जागी न राहता नडगीच्या वरच्या भागापर्यंत पसरतो. पैसे वसूल होतात ते इथेच. लादी ठोकताना, स्पेसर (लाद्यांमधली फट सारखी ठेवणारे तुकडे) घालताना आपण गुडघ्यावरच मागे सरकतो. नुसता फोम असेल तर तो दुमडतो आणि कातडी घासली जाते. कवच असलं की घासतं कवच, कातडी शाबूत राहते. खाली खडा किंवा लादीची चीप आली तरी टोचत नाही. मात्र चकचकीत, ओल्या लादीवर कवच घसरतं, आणि कवचात अडकलेला वाळूचा कण नव्या लादीवर सरळ ओरखडा काढतो. टेकण्याआधी हात फिरवून पुसायची सवय लावा.

पट्ट्यांवर मी नाराज आहे. वरचा पट्टा गुडघ्याच्या मागच्या खळगीत रुततो. खालचा जास्त आवळला तर पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात, कारण गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाच्या टोकाला वळसा घालून एक नस जाते आणि ती तिथे अगदी कातडीलगत असते. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. सैल केल्यावरही मुंग्या येत असतील तर तो पॅड तुमच्या मापाचा नाही.

दुसरी तक्रार: आतलं अस्तर निघत नाही. घाम मुरतो, कातडी ओली होऊन सोलवटते. याकडे दुर्लक्ष करू नका. गुडघ्यावरच्या बारीक खरचटीतून जंतू बर्सात शिरू शकतात. मग सूज लाल होते, हाताला गरम लागते, ताप येतो. असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. सुईने पाणी काढून तपासावं लागतं, अँटिबायोटिक लागतात. साइटवर 'टोचून काढू' म्हणणारा कोणीतरी भेटतोच, त्याला गुडघ्याला हात लावू देऊ नका. मी संध्याकाळी पॅड ओल्या फडक्याने पुसून उलटे वाळत ठेवतो. पण अस्तर काढून धुता येणारे मिळाले तर तेच घ्या.

मेडिकलमध्ये मिळणारी विणलेली नी-कॅप ही वेगळी वस्तू. ती गुडघा आवळून धरते, टेकताना वाटीला गादी देत नाही. फोमची चटई एका जागच्या कामाला उत्तम, पण आमच्या कामात ती दर हाताला मागे ओढावी लागते. पायाला बांधायच्या पॅडवर ईएन १४४०४ हे युरोपीय मानक आणि टाइप १ छापलंय का बघा. सोबत पातळी असते: ० ही सपाट, स्वच्छ जमिनीपुरती, १ आणि २ मध्ये टोचण्यापासूनही बचाव असतो. साइटवर ० पुरत नाही.

गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या खाली दुखत असेल तर या पॅडचा उपयोग होईल असं मला वाटत नाही. तिथे दुसरा बर्सा असतो, आणि त्याचं दुखणं बहुतेक चालण्या-धावण्याचं किंवा सांध्याच्या झिजेसोबत आलेलं असतं. ते डॉक्टरांनाच दाखवा.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो पट्ट्यांसाठी आणि अस्तरासाठी. लाद्या, प्लंबिंग, बागकाम, जे गुडघ्यावर चालतं त्या कामाला जरूर घ्या, आणि दुकानात उभ्याने नको, टेकून, दोन पावलं सरकून माप बघा.