कप्स, सहा महिने आणि तळाचे १८ मिलिमीटर

माझा लेझर प्रिंटर सोळा वर्षांचा आहे. सोसायटीच्या नोटिसा, मेंटेनन्सच्या पावत्या, वर्षातून एकदा ताळेबंद, एवढंच त्याला काम. पीसी बदलला तेव्हा हा चालेना, म्हणून सर्व्हिसवाल्याला बोलावलं. ३५० रुपये व्हिजिटचे घेतले, झाकण उघडलं, परत लावलं आणि म्हणाला, "काका, याचा ड्रायव्हर नवीन विंडोजला येत नाही. चौदा हजारांत नवीन बसवतो, जुन्याचे पाचशे धरतो." यंत्रात बिघाड काय, तर काही नाही. धडधाकट बैल कसायाला द्यायचा, कारण त्याची भाषा गोठ्यात कुणाला येत नाही!

भाचा सुट्टीला आला होता. "मामा, आधी लिनक्स टाकून बघू," म्हणाला आणि तासाभरात मिंट (विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट लिनक्सचा एक प्रकार) टाकून मोकळा झाला. यूएसबी लावली, ब्राउझरमध्ये ६३१ पोर्टचं कप्सचं, म्हणजे लिनक्सवर छपाई सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं, पान उघडलं, यादीत आमचं मॉडेल होतं. हा प्रिंटर विसरभोळ्या जातीचा. स्वतःजवळ फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्राम, ठेवत नाही, बंद झाला की पाटी कोरी. चालू केल्यावर दर वेळी कॉम्प्युटरने ते भरवायचं. आमच्याकडे लाईट दिवसातून दोनदा जाते, म्हणून मला याचीच धास्ती होती. पण फर्मवेअरची फाइल एकदा वेगळी उतरवून ठेवली, त्यानंतर आजतागायत हात लावावा लागलेला नाही. लाईट येते, प्रिंटर गुरगुरतो, तयार होतो. लिनक्सवरचा हा ड्रायव्हर मुळात एका माणसाने वर्षानुवर्षं घरचं खाऊन लिहिलेला. त्याची साइट गेली तरी लोकांनी कोडच्या प्रती जपल्या, म्हणून माझे चौदा हजार वाचले.

आता तक्रार. पहिल्याच आठवड्यात सभेची नोटीस छापली आणि चेअरमनसाहेब विचारायला आले, "माझ्या सहीची जागा कुठे गेली?" तळाची ओळच गायब. कारण कप्सने कागद धरला होता लेटर. अमेरिकन लेटर २७९ मिलिमीटर उंच, आपला ए४ २९७. मधले १८ मिलिमीटर म्हणजे नेमकी चेअरमन आणि सेक्रेटरी यांच्या सह्यांची पट्टी. अमेरिका, कॅनडा आणि मोजके देश सोडले तर जग ए४ वापरतं. सांगलीच्या स्टेशनरीच्या दुकानात लेटर मागून बघा, दुकानदार पाकिटं दाखवेल. दर वेळी छपाईच्या खिडकीत जाऊन ए४ निवडायचं, आणि विसरलं की कागद वाया. चार महिने मी हेच करत होतो आणि ज्याला त्याला सांगत होतो की कप्सवाल्यांना अमेरिकेबाहेर जग आहे हे ठाऊक नाही.

त्या रागात कप्सची कुंडली काढली आणि जरा वरमलो. मायकेल स्वीट यांनी ९० च्या दशकाच्या शेवटी हे लिहायला घेतलं. ॲपलने २००२ मध्ये ते मॅकमध्ये घेतलं, २००७ मध्ये कोड विकत घेतला आणि स्वीट यांनाही नोकरीत घेतलं. डिसेंबर २०१९ मध्ये ते ॲपलमधून बाहेर पडले आणि २०२० साली ॲपलच्या कोडच्या भांडारात जवळजवळ शुकशुकाट. लिनक्सवर जो जो प्रिंट काढतो त्याची मदार ज्यावर, त्याचा दिवाच कुणी लावेना. वेगवेगळ्या डिस्ट्रोंच्या, म्हणजे लिनक्सच्या प्रकारांच्या, दुरुस्त्या दारात पडून. मग लिनक्सवरच्या छपाईचं काम बघणाऱ्या, टिल काम्पेटर यांच्या ओपनप्रिंटिंग गटाने आणि खुद्द स्वीट यांनी मिळून वेगळी शाखा काढली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिचं २.४.० आलं आणि डेबियन, फेडोरा, उबुंटू सगळे तिकडे गेले. गुगलच्या समर ऑफ कोड या विद्यार्थ्यांच्या उपक्रमातून तिथे काम करणाऱ्यांत आपल्याकडची कॉलेजची पोरंही बरीच आहेत. माझ्या मिंटमध्ये आहे ते हेच कप्स.

आणि मग लेटरचं मूळ सापडलं. कप्समध्ये कागदाचा आकार 'ऑटो'वर असतो, म्हणजे सिस्टिमचा देश कोणता ते बघून तो ठरवतो. मिंट टाकताना नेट बंद होतं. नकाशावर ठिकाण न्यूयॉर्क तसंच राहिलं. भाच्याने नंतर घड्याळ सुधारलं, देश सुधारला नाही. म्हणजे चार महिने माझा संगणक न्यूयॉर्कात बसून सांगलीच्या नोटिसा छापत होता. कप्सला दिलेल्या शिव्या परत घेतो. भाच्याला फोन केला तर म्हणाला, "मामा, घड्याळ बरोबर होतं ना?"

सगळ्या मात्र परत घेणार नाही. देश भारत केला, तरी आधी बनवलेली रांग (कप्समधली प्रिंटरची नोंद) लेटरलाच चिकटून बसली. ६३१ च्या पानावर जाऊन तिचा डिफॉल्ट हाताने ए४ करावा लागला. देश बदलल्यावर एक ओळ विचारायला काय जातं? आणखी एक: मराठीची साधी टेक्स्ट फाइल लिबरऑफिसमध्ये न उघडता थेट कमांडने छापायला लावली, तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या जागी बसते. 'निवडणूक' चारचौघांत दाखवण्यालायक राहत नाही. पीडीएफ करून दिली की अक्षर सुरेख.

सप्टेंबर २०२४ मध्ये कप्स-ब्राउज्ड या नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणाऱ्या सेवेत सुरक्षेची मोठी भोकं सापडली होती. यूएसबीवरच्या एका प्रिंटरला ती सेवा लागतच नाही, मी बंद करून टाकली. कप्सच्या पुढच्या ३.० आवृत्तीत जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर जाणार आहेत. त्यांच्या जागी 'प्रिंटर ॲप्लिकेशन' नावाचा दुभाषा, जो जुन्या प्रिंटरला नव्या जातीचा म्हणून पुढे करतो. मी अजून लावलेला नाही. चालत्या गाडीला खीळ कोण घालतो?

सहा महिन्यांचा खर्च: एक टोनर रिफिल, अडीचशे रुपये. ते व्हिजिटचे ३५० धरत नाही, धरले की झोप लागत नाही. हल्ली तो दोन पानं एकदम ओढतो. रबरी रोलर गुळगुळीत झालाय, त्याला कप्स काय करणार. बारीक सँडपेपर आणलाय पाच रुपयांचा, रविवारी घासून बघतो.