मेंदूच्या दुर्मीळ गाठीचा शेक: कोकणातून जाणाऱ्या रुग्णाच्या बाजूने परीक्षण

मेंदूतली गाठ दुर्मीळ निघाली की घरात पहिली चर्चा होते ती शेकाच्या, म्हणजे किरणांनी होणाऱ्या उपचाराच्या (रेडिएशनच्या) मशीनची. प्रोटॉन चांगलं की साधं लिनॅक (एक्स-रे किरण देणारं नेहमीचं मशीन), गामा नाईफ का नको, चेन्नईला जावं का. आमच्या मते हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. पहिला नंबर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टचा, दुसरा प्लॅनिंगचा. हे दोन चुकले तर सर्वांत महागडं मशीनही चुकीच्या जागी अचूक मारा करतं.

ऑपरेशन रत्नागिरी, कोल्हापूर किंवा गोव्यात झालं असेल तर तिथल्या लॅबकडून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) दोन्ही मागून घ्या. नुसत्या कागदावर मोठं केंद्र पुढे सरकत नाही, कारण 2021 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात बऱ्याच गाठींचं नाव जनुकीय तपासणीवर ठरतं आणि ती तपासणी ब्लॉकवरच होते. एमआरआयची सीडी हवी, फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो नको. ऑपरेशननंतर 48 ते 72 तासांत काढलेला एमआरआय असेल तर तो जपून ठेवा. त्यानंतर जखमेची सूज आणि उरलेली गाठ यांत फरक करणं अवघड होतं.

या रिपोर्टवर डोस कसा फिरतो ते मेड्युलोब्लास्टोमात (मुख्यतः मुलांत होणारी, मेंदूच्या मागच्या भागातली गाठ) दिसतं. पाठीच्या कण्याचा एमआरआय आणि मणक्यातलं पाणी दोन्हींत गाठीचा मागमूस नसेल आणि गाठ जवळजवळ पूर्ण निघाली असेल, तर पूर्ण मेंदू व कण्याला 23.4 ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप), मग गाठीच्या जागेला एकूण 54 ग्रे. पसरलेली असेल तर मेंदू-कण्याला 36 ग्रे. लहान मुलाच्या वाढीवर, बुद्धीवर हा फरक आयुष्यभर उमटतो. म्हणून कण्याचा एमआरआय न करता तारीख देणाऱ्या ठिकाणाला आम्ही सरळ नापास करू.

आता मशीन. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर ऊर्जा टाकून थांबतो, पलीकडे जवळजवळ काही जात नाही. त्याचा खरा फायदा मुलांच्या मेंदू-कण्याच्या उपचारात (हृदय, फुप्फुसं, आतडी वाचतात) आणि कवटीच्या तळाशी हाडात होणाऱ्या कॉर्डोमा या गाठीत. कॉर्डोमाला 70 ग्रेच्या वर डोस लागतो आणि खेटून असलेल्या ब्रेनस्टेमची (मेंदूच्या देठाची) मर्यादा साधारण 54 ची. भारतात चेन्नईच्या अपोलोत ही सोय 2019 पासून आहे. टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये 2023 पासून रुग्ण घेतले जातात. प्रौढाच्या ग्लिओब्लास्टोमासाठी (झपाट्याने पसरणारी मेंदूची गाठ) मात्र प्रोटॉनमागे धावण्यात अर्थ नाही, आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही. तिथे चांगल्या लिनॅकवरचं आयएमआरटी (किरणांचा जोर जागेनुसार कमी-जास्त करायची पद्धत) पुरेसं आहे. गामा नाईफ, म्हणजे एका छोट्या जागेवर एकवटून किरण देणारं मशीन, साधारण 3 सेंटिमीटरच्या आतल्या, कडा स्पष्ट असलेल्या गाठींसाठी. श्रवणाच्या नसेवरच्या श्वानोमा या गाठीला एकाच बैठकीत 12-13 ग्रे देतात. आजूबाजूला झिरपणाऱ्या गाठीला ते लागू नाही.

ज्या भागावर सगळा उपचार तोललेला आहे तो म्हणजे डोकं हलू न देणारा मास्क, आणि त्याकडे नातेवाइकांचं लक्षच नसतं. प्लास्टिकची जाळीदार शीट 65 ते 70 अंशांच्या पाण्यात मऊ करतात, निथळवून चेहऱ्यावर ताणतात आणि बोर्डाला अडकवतात. आठ-दहा मिनिटांत ती कडक होते. तोवर हनुवटी, नाकाचं हाड आणि कपाळ नीट दाबून बसले पाहिजेत. दाढी आणि वाढलेले केस आदल्या दिवशीच कापा. मास्क झाल्यावर केस कापले तर तो सैल पडतो. उलटाही प्रकार होतो. डेक्सामेथासोन या स्टेरॉईडवर तीन आठवड्यांत चेहरा सुजतो, मास्क गालात रुततो, रुग्ण आत नीट बसत नाही. अशा वेळी बळजबरीने दाबून बसवू देऊ नका. नवा मास्क, नवं सीटी आणि गरज पडल्यास नवा प्लॅन हाच उपाय. त्यात दोन-तीन दिवस जातात, पण गाठीभोवती चुकीसाठी ठेवलेली जादा जागा 3 ते 5 मिलिमीटरचीच असते हे ध्यानात घ्या.

मास्क लावूनच पातळ छेदांचं सीटी काढतात, त्यावर एमआरआय जुळवतात, मग डॉक्टर गाठ आणि वाचवायचे नाजूक भाग, म्हणजे दृष्टीनस, कोक्लिया (आतला कान), पिट्युटरी (संप्रेरकांची ग्रंथी), हिप्पोकॅम्पस (स्मरणाचा भाग) हाताने आखतात. प्लॅन पास व्हायला आठवडाभर लागतो. हा वेळ वाया जातोय असं वाटतं, पण याच कामाचे पैसे आपण मोजतो. डॉक्टरांना एकच विचारा: दृष्टीनस आणि ब्रेनस्टेमला किती जातंय? आकडा पटकन सांगता येत असेल तर समजा काम नीट चाललंय. क्रॅनिओफॅरिंजिओमा (पिट्युटरीजवळची गाठ) असेल तर आणखी एक विचारा, मधल्या काळात एमआरआय होणार का. तिच्यातली पाण्याची पिशवी शेक चालू असतानाच फुगू शकते आणि गाठ आखलेल्या हद्दीबाहेर जाते.

रोजचं काम त्यामानाने किरकोळ. टेबलावर 15-20 मिनिटं, प्रत्यक्ष किरण काही मिनिटं, दुखत नाही. लहान मुलांना रोज भूल द्यावी लागते. खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. सकाळचा पहिला नंबर मागून घ्या, नाहीतर पोर दुपारपर्यंत उपाशी राहतं. डोक्याला खोबरेल चोपडून आत जाऊ नका. लावायचंच तर डॉक्टरांना विचारून, आणि तेही संध्याकाळी.

कोकणी माणसाची खरी अडचण पुढे आहे. सोमवार ते शुक्रवार, 30 ते 33 दिवसांचा हा कोर्स मध्येच गणपतीला सापडतो. शुक्रवारी रात्री गाडी पकडायची, सोमवारी सकाळी परतायचं हे गणित जुलै-ऑगस्टात दरड कोसळली की कोलमडतं. खंड पडला तर वाढणाऱ्या गाठीला मोकळीक मिळते. मेड्युलोब्लास्टोमात पूर्ण शेक 50 दिवसांच्या आत संपलेला बरा. तारखा घेतानाच चतुर्थी सांगून टाका. बुडालेला दिवस शनिवारी किंवा सहा तासांच्या अंतराने दोनदा देऊन भरता येतो, पण तो निर्णय केंद्राचा. पाचव्या दिवसाच्या विसर्जनापर्यंत थांबण्याची सूट कोणी देणार नाही, आणि देऊही नये. मुलांच्या ब्रेनस्टेममधल्या डीआयपीजी या गाठीसाठी मात्र 54 ग्रेच्या सहा आठवड्यांऐवजी 39 ग्रे 13 दिवसांत हा मान्य पर्याय आहे. हाती महिनेच असतात, तेव्हा त्यातला महिना धर्मशाळेत का घालवायचा? हा प्रश्न स्वतःहून विचारा.

प्रवासापुरतं सांगायचं तर टाटाच्या परळच्या रुग्णालयापेक्षा खारघर सोपं. कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्या पनवेलला थांबतात, तिथून हार्बरने खांदेश्वर, मानसरोवर आणि खारघर. केंद्राचा दाखला दाखवून आरक्षण खिडकीवर तिकीट काढलं तर स्लीपर आणि थ्री एसीत कॅन्सर रुग्णाला पूर्ण सवलत मिळते, सोबत्याला 75 टक्के. राहायला कॅन्सरग्रस्त मुलांसाठी सेंट ज्यूड्स संस्थेची घरं आहेत. परळला जाणाऱ्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेची पूर्वपरवानगी मास्कच्या दिवशीच टाका. रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर गाडी तिथेच अडते, तेव्हा ते गावी असतानाच तहसीलमधून दुरुस्त करून घ्या.

घरी परतल्यावर स्टेरॉईड एकदम बंद करू नका, ते उतरत्या क्रमानेच सोडायचं. महिना-दीड महिन्याने रुग्ण दिवसभर झोपून राहतो. हा बहुधा शेकाचाच परिणाम असतो आणि ओसरतो, पण उलटी, आकडी (फिट) किंवा एका बाजूची कमजोरी दिसली तर वाट पाहू नका. पहिल्या तीन महिन्यांतल्या एमआरआयमध्ये गाठ वाढल्यासारखी दिसू शकते, पण तो शेकाचाच परिणाम असू शकतो. स्थानिक रेडिओलॉजिस्टला शेकाची तारीख कळवल्याशिवाय तो रिपोर्ट वाचून घेऊ नका. डिस्चार्जच्या वेळी एकूण डोस, मात्रांची (बैठकांची) संख्या आणि प्लॅनची प्रत मागून घ्या. पुन्हा कधी शेक लागला तर त्याच कागदावर ठरतं किती देता येईल. पिट्युटरीजवळची गाठ असेल तर थायरॉईड, कॉर्टिसॉल आणि मुलांची वाढ दरवर्षी तपासा. रक्त रत्नागिरी, कणकवली कुठेही देता येतं, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.