इन्स्पिसेट : ‘दाट करणे’ की ‘आटवणे’?

‘इन्स्पिसेट’ हा इंग्रजी शब्द वर्तमानपत्रात सापडत नाही. जुन्या औषधीकोशात, रोगनिदानाच्या अहवालात किंवा क्षयरोगाच्या प्रयोगशाळेतल्या कार्यपद्धतीत तो एकदम समोर येतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे विद्यार्थ्यांसाठी टिपणं मराठीत आणणाऱ्यांची गाडी मग दोन शब्दांपाशी अडते : ‘दाट करणे’ आणि ‘आटवणे’. दोन्ही आपलेच, घरातले. पण एकाच्या जागी दुसरा बसवला तर नुसती छटा बदलत नाही, कृती बदलते.

व्युत्पत्ती ‘दाट’च्या बाजूने आहे, हे आधीच मान्य करतो. लॅटिन ‘स्पिसस’ म्हणजे दाट, घट्ट. फ्रेंचमधला ‘एपे’, इटालियनमधला ‘स्पेसो’, स्पॅनिशमधला ‘एस्पेसो’ ही सगळी त्याच मुळाची पालवी. त्यामुळे कोशातला पहिला अर्थ धरून कुणी ‘दाट करणे’ लिहिलं, तर त्याला चूक ठरवता येत नाही. उच्चारात जोर ‘स्पि’वर येतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

पण वापर वेगळं सांगतो. रस, काढा, चीक असा पातळ पदार्थ उष्णतेने किंवा हवेवर पाणी घालवून घट्ट करायचा, अशाच जागी हा शब्द प्रामुख्याने येतो. बाहेरून काही घालून घट्टपणा आणायचा असेल, तर इंग्रज साधं ‘थिकन’ म्हणतो. ‘दाट करणे’मध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. माझ्या मते सगळी अडचण इथेच आहे. ‘रस दाट करावा’ असं लिहिलं, की वाचणाऱ्याचा पहिला प्रश्न येतो : काय घालून?

हा प्रश्न त्याला का पडतो, ते आपल्याच चुलीवर दिसतं. शेवभाजीचा रस्सा पातळ झाला तर खान्देशात तो कुणी तासभर उकळत ठेवत नाही. भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, लसूण यांचं वाटण वाढवतात, नाहीतर बेसनाचं पाणी लावतात. एक लिटर रश्शाला बेसन साधारण दोन मोठे चमचे पुरतं, आणि ते थंड पाण्यात कालवूनच ओतायचं. कोरडं पीठ उकळत्या रश्शात पडलं, तर पिठाच्या प्रत्येक पुंजक्याच्या बाहेरचं पिष्ट आधी शिजून चिकट कवच बनतं, आत पाणी शिरत नाही आणि गुठळ्या होतात. वाढताना शेव घातली की तीही पाणी ओढून घेते. म्हणून ती आधी घालून ठेवत नाहीत, नाहीतर ताटात रस्सा नव्हे, लगदा येतो. या साऱ्यात पाणी कुठेच गेलेलं नाही. ते जागच्या जागी बांधलं गेलं आहे. स्वयंपाकघरात ‘दाट करणे’चा रोजचा अर्थ हाच.

आता तोच रस्सा बेसन न लावता आटवला, असं समजा. एक लिटरमध्ये दहा ग्रॅम मीठ होतं आणि रस्सा अर्धा लिटर उरला. मीठ दहा ग्रॅमच राहिलं, पण खारटपणा दुप्पट झाला. तिखटाचंही तसंच. पीठ लावून दाट केलेल्या रश्शाची चव फार तर बोथट होते, आटवलेल्याची चढते. भाजीत हा फरक जिभेला लगेच कळतो. काढ्यात तो मात्रेचा फरक होतो. चारशे मिलीलिटर काढा आटवून दोनशेवर आणला की चमचाभर काढ्यातून आधीच्या दुप्पट अर्क पोटात जातो. चारशे मिलीलिटर काढा पीठ घालून दाट केला, तर चमच्यात अर्क तेवढाच राहतो. इंग्रजी मजकुरात ‘इन्स्पिसेट’ असताना मराठीत ‘दाट करावे’ आलं, तर मात्रेबद्दलची ही माहितीच गळून पडते. वाचणाऱ्याला काही चुकल्याची शंकाही येत नाही, कारण वाक्य वाचायला अगदी नीट लागतं. अनुवाद तपासताना मला हीच खोट सर्वांत जास्त खटकते, आणि माझा कल ‘आटवणे’कडे झुकला तो यामुळेच.

‘आटवणे’ म्हटलं की काय घालू, असं कुणी विचारत नाही. विचारतात, किती उरू द्यायचं? या क्रियेला योग्य तो हाच प्रश्न. आपल्याकडचं सगळं जुनं मोजमाप उरलेल्या भागावरच चालतं. अष्टमांश काढा म्हणजे शंभर ग्रॅम भरड, सोळाशे मिलीलिटर पाणी, आणि उकळून दोनशे मिलीलिटर शेष. बासुंदीला दूध साधारण निम्मं उरतं, रबडीला एकतृतीयांशाच्या आसपास. एक लिटर म्हशीच्या दुधाचा खवा दोनशे ते दोनशे वीस ग्रॅम पडतो, गाईच्या दुधाचा त्याहून कमी, एकशे सत्तर-ऐंशी. हे आकडे ‘आटवून’ला सहज चिकटतात : ‘आटवून निम्मं’, ‘आटवून पाव’. ‘दाट करून निम्मं’ असं कुणी म्हणत नाही.

यातली एक अडचण नवख्याला हमखास नडते. कढईच्या बाजू तिरक्या असतात, त्यामुळे दुधाची उंची अर्धी झाली म्हणजे दूध अर्धं झालं असं नाही, तेव्हा ते अर्ध्याहून कितीतरी कमी उरलेलं असतं. म्हणून आधी हव्या त्या शेषाएवढं पाणी कढईत ओतावं, उलथन्याचा दांडा तळाला टेकवून पाण्याच्या पातळीवर खूण करावी, पाणी काढून टाकावं आणि मग दूध चढवावं. दुसरी अडचण शेवटच्या टप्प्यात येते. पाणी भरपूर असताना आच मोठी चालते, कारण वाफेबरोबर उष्णता निघून जाते. पदार्थ घट्ट व्हायला लागला की तळाशी हालचाल थांबते, तिथलं तापमान चढतं आणि दूध असो वा काढा, करपतो. दुधात साखर आणि प्रथिनं मिळून तपकिरी रंग लवकर धरतात. म्हणून शेवटचा चौथा हिस्सा मंद आचेवर, तळ खरवडत आटवायचा. काढ्याचा घन, म्हणजे घट्ट गोळा, करायचा असेल तर शेवटी भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवणं चांगलं. काढा आधी नीट गाळलेला हवा, कारण भरडीचा चुरा आत राहिला तर सर्वांत आधी तोच जळतो आणि सगळ्या घनाला करपट वास येतो. ‘इन्स्पिसेट’च्या कृतीत चुकतं ते बहुतेक वेळा इथेच, आणि ‘आटवणे’ या शब्दात ही आच, ही राखण आपोआप येते.

जुन्या औषधीकोशातल्या मालाकडे पाहिलं तरी हेच दिसतं. काळा बोळ म्हणजे कोरफडीच्या पानांतून गळलेला, आटवलेला रस. कात म्हणजे खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून काढलेला अर्क आटवून वाळवलेला. खैर आपल्या सातपुड्यातलाच, त्यामुळे हे उदाहरण इथल्या विद्यार्थ्याला लगेच कळतं. रसांजन या जुन्या औषधासाठी दारुहळदीच्या काढ्यात तेवढंच दूध घालून घट्ट होईपर्यंत आटवतात. इथे दूध घातलं आहे हे खरं, पण घट्टपणा येतो तो पाणी गेल्यामुळे. या सगळ्या ठिकाणी इंग्रजी वर्णनात ‘इन्स्पिसेटेड’ हे विशेषण भेटतं, आणि त्याला मराठीत तयार जोडीदार आहे : ‘आटीव’. आटीव दूध सगळ्यांना माहीत आहे, तर ‘आटीव रस’ आणि ‘आटीव काढा’ म्हणायला काही अडू नये. ‘दाट रस’ म्हटलं तर तो जन्मतःच दाट होता की कुणी केला, हे कळत नाही. ‘आटीव’मध्ये केल्याची खूण राहते. शिवाय आटणे आणि आटवणे ही जोडी व्याकरणातही सोयीची आहे. आपोआप झालं तर एक, मुद्दाम केलं तर दुसरं.

‘आटवणे’ निर्दोष आहे असं मात्र म्हणणार नाही. जळगावच्या सराफ बाजारात ‘आटणी’ म्हणजे दागिना वितळवणं. तिथे घट्ट काही होत नाही, उलट पातळ होतं. ‘गाईचं दूध आटलं’ म्हणजे गाय दूध द्यायची थांबली, आणि चैत्र-वैशाखात ‘विहीर आटली’ म्हणजे पाणी संपलं. संदर्भ असला की गोंधळ होत नाही. पण सुटं एकच वाक्य किंवा तक्त्यातला एखादा रकाना असेल, तर ‘उकळून आटवणे’ असा एक शब्द जास्त लिहावा.

‘आळणे’ही विसरू नये. ‘मिश्रण आळून आलं की उतरवा’ हे आपण रोज म्हणतो. बारकाईने पाहिलं तर आटतं ते पाणी आणि आळतो तो पदार्थ. म्हणजे ‘आटवणे’ कृती सांगतं आणि ‘आळणे’ ती कुठे थांबवायची ती खूण सांगतं. मला दोन्ही एका वाक्यात वापरायला आवडतं : ‘मंद आचेवर आटवावे, आळून पळीला चिकटू लागले की उतरवावे.’ ‘कढवणे’ तुपापुरतं ठीक, त्यात आच आहे पण घट्टपणा नाही. पाठ्यपुस्तकातलं ‘संहत’ आम्लाला शोभतं. ते तीव्रता सांगतं, घट्टपणा नाही. संहत सल्फ्युरिक आम्ल आणि आटीव रस एका ओळीत बसत नाहीत.

मात्र शरीराच्या आत ‘आटवणे’ सपशेल चुकतं. नवजात बाळाच्या पित्तनलिकेत पित्त घट्ट होऊन वाट अडते, त्याला इंग्रजीत ‘इन्स्पिसेटेड बाइल’ म्हणतात. रक्तगट न जुळल्याने बाळाच्या तांबड्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटतात तेव्हा हे होऊ शकतं. तिथे ‘पित्त आटले’ लिहिलं तर वाचणारा समजेल की पित्त तयारच होत नाही. म्हणजे नेमका उलटा अर्थ. ‘पित्त दाटले’ किंवा ‘पित्त घट्ट होऊन अडकले’ हेच योग्य. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारातल्या चिकट स्रावालाही हेच लागू. ‘दाटणे’मध्ये गर्दी होणं, वाट अडणं ही छटा आधीपासून आहे, आणि इथे तीच हवी असते. साहित्यातही तसंच. इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सनने १७६९ मध्ये शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकातल्या रात्रीच्या वर्णनाबद्दल बोलताना निव्वळ काळोखासाठी ‘इन्स्पिसेटेड ग्लूम’ असे शब्द वापरले. अंधार कुणी आटवत नाही. आभाळ दाटतं, कंठ दाटतो, तसा अंधारही दाटतो. ‘दाटलेला अंधार’ याहून चांगला पर्याय मला सुचत नाही.

एक जागा अशी आहे जिथे दोन्ही शब्द बाजूला ठेवावे लागतात, आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या विद्यार्थ्याला नेमकी तीच आधी भेटते. क्षयाचे जंतू वाढवण्याचं लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यम अंडी, क्षार, ग्लिसरॉल आणि मॅलकाइट ग्रीन हा हिरवा रंग यांचं बनतं. ते छोट्या बाटल्यांत भरून, झाकणं लावून, बाटल्या तिरप्या ठेवून तापवतात. त्या यंत्राचं नावच ‘इन्स्पिसेटर’. झाकणं बंद असल्यामुळे पाणी बाहेर जात नाही, म्हणजे आटणं नाही. वरून काही घालतही नाहीत. अंड्यातली प्रथिनं उष्णतेने बसतात. चिकाचा खरवस होतो, तसंच. इथे ‘गोठवणे’ लिहिण्याचा मोह होतो, रक्त गोठतं म्हणून. पण शेजारी डीप फ्रीजर असलेल्या खोलीत ‘माध्यम गोठवा’ ही सूचना धोक्याची आहे. ‘थिजवणे’ही नको, तूप थिजतं ते थंडीने. मी असं लिहीन : ‘बाटल्या तिरप्या ठेवून माध्यम ८० ते ८५ अंश सेल्सिअसला ४५ ते ५० मिनिटे तापवून घट्ट बसवावे.’ तापमान याच्या वर गेलं तर माध्यमात बुडबुडे येतात, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि रंगही बिघडतो. कमी पडलं तर माध्यम मऊ राहतं आणि बाटली उभी केली की घसरतं. अशा बाटल्या वेगळ्या काढून टाकाव्या लागतात, म्हणून यंत्र आधी तापवून तापमान स्थिर झाल्यावरच बाटल्या आत ठेवाव्यात.