मोठेपणी ऑटिझमची टेस्ट करून घ्यायची असेल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा

मी पुण्यात राहते, वय ३६, इन्शुरन्सच्या ऑफिसात नोकरी. लहानपणापासून मोठ्या आवाजाचा त्रास, चार माणसांत गेलं की नंतर दोन दिवस अंगात त्राण नाही, समोरचा मनात काय ठेवून बोलतोय ते कळायचंच नाही, आणि घरात त्यावर एकच उत्तर, ती पहिल्यापासून घुमीच आहे. मध्ये बरीच वर्षं एन्झायटीच्या गोळ्या चालू होत्या. मग कुठेतरी वाचलं की बायकांचा ऑटिझम पुष्कळदा लक्षातच येत नाही कारण त्या बघून बघून चारचौघींसारखं वागायला शिकतात, आणि मला अक्षरशः रडू आलं. म्हटलं एकदा नीट तपासून घेऊ. फॅमिली डॉक्टर म्हणाले, अगं लग्न झालंय, नोकरी करतेस, कसला ऑटिझम. थेरपी सेंटरना फोन केले तर आम्ही फक्त लहान मुलांचं बघतो म्हणाले. सगळीकडून नकार आलेला माणूस कुठे वळणार हे या फसवणाऱ्यांना पक्कं माहीत असतं.

इन्स्टाग्रामवर जाहिरात आली, मोठ्यांसाठी ऑटिझम असेसमेंट, घरबसल्या, ४८ तासांत रिपोर्ट, सरकारमान्य. फोनवरची मुलगी इतकी मायेने बोलली, ताई एवढी वर्षं कसं हो सहन केलंत, आणि बोलता बोलताच पेमेंटची लिंक. आज भरले तर १८,५००, उद्यापासून २५,०००. ऑफर आजच संपतेय असं कुणी तपासणीसाठी म्हणालं ना, तिथेच फोन ठेवून द्या.

पैसे गेल्यावर आला एक फॉर्म, ५० प्रश्नांचा. हा फॉर्म म्हणजे एक्यू, २००१ साली केंब्रिजच्या संशोधकांनी काढलेला, तो तिथल्या ऑटिझम रिसर्च सेंटरच्या साइटवर फुकट मिळतो, आणि तो फक्त चाळणी आहे, पुढे तपासणी करावी का एवढंच सांगतो, त्याच्यावरून निदान होत नाही. मग व्हिडिओ कॉलवर एक मॅडम, नावामागे डॉक्टर. त्यांनी माझ्याबद्दल कमी विचारलं आणि ब्रेन मॅपिंगबद्दल जास्त सांगितलं, डोक्याला टोपी लावून मेंदूचा रंगीत फोटो काढतात, १२,००० वेगळे. तेही भरले. ऑटिझम ओळखायची रक्ताची टेस्ट नाही, स्कॅन नाही, मेंदूचा आलेख नाही, त्याचं निदान वागणुकीवरून आणि लहानपणच्या इतिहासावरूनच करतात. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर.

रिपोर्ट आला तो सोनेरी शिक्क्याचा. पहिल्याच पानावर ऑटिझम ७८ टक्के. खाली सूचना वाचायला घेतल्या तर, वर्गात पहिल्या बाकावर बसवावे, गृहपाठ छोटे छोटे भाग करून द्यावा, पालकांनी मोबाईलचा वेळ कमी करावा. आणि रिपोर्टभर मला मुलगा केलेलं! कुणाच्या तरी लेकराचा रिपोर्ट घेऊन वर माझं नाव टाकलंय हे सरळ दिसत होतं. शेवटच्या पानावर पोट साफ करायच्या पावडरी आणि महिन्याचं पॅकेज. नंतर एका ओळखीच्या मुलाने त्यांचाच रिपोर्ट दाखवला, त्यालाही ७८ टक्केच.

या रिपोर्टवर युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मिळेल असं त्यांनी छातीठोक सांगितलं होतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे हे खरं, पण त्यासाठीचं दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट सरकारने नेमलेल्या हॉस्पिटलचे डॉक्टरच स्वतः तपासून देतात. तिथे इसा नावाची ४० मुद्द्यांची भारतीय पट्टी वापरतात, त्यात ७० च्या खाली गुण आले तर ऑटिझम धरत नाहीत. सरकारी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी माझी फाईल उलटीपालटी केली आणि एकच विचारलं, सही करणाऱ्या बाईंचा आरसीआय नंबर कुठाय?

तो नव्हताच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजेच आरसीआयकडे, असते, कौन्सिलच्या साइटवर नाव टाकून कुणालाही बघता येते. सायकियाट्रिस्ट असेल तर मेडिकल कौन्सिलचा नंबर. काउन्सेलर, लाइफ कोच, अमुकतमुक एक्सपर्ट यांच्या निदानाला सरकारदरबारी काही किंमत नाही. नंबर विचारा, तो देताना आढेवेढे घेतले तर विषय संपला.

पुढे एका नोंदणी असलेल्या बाईंकडे गेले तेव्हा फरक कळला. कितीतरी वेळ नुसतं बोलणं, शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं मागितली, एन्झायटी कुठली आणि ऑटिझम कुठला, एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, सारखी चुळबुळ, ते तर नाही ना, हे वेगवेगळं करून बघितलं. आणि साताऱ्याहून आईला बोलावून घेतलं. पहिल्या ठिकाणी आईचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं. इथे आईला विचारलं, चार-पाच वर्षांची असताना ही काय खेळायची? आई म्हणाली, खेळायची कुठं ओ, स्टँडवर नेली की एसटीचे बोर्ड वाचत बसायची, कुठली गाडी किती वाजता ते तोंडपाठ, पण वाडीतल्या पोरी बोलवायला आल्या की दाराआड, आणि मिरवणुकीचा ढोल वाजला की पलंगाखाली.

निदान ऑटिझमचंच आलं, सोबत एन्झायटी. म्हणून पहिला रिपोर्ट खरा ठरत नाही, त्यांनी तर माझ्याकडे नीट बघितलंही नव्हतं. ज्याला ऑटिझम नाहीये, वेगळाच काही आजार आहे, त्याच्याही हातात ते ७८ टक्के ठेवणार आणि त्याचे खरे उपचार राहून जाणार, मला याचाच राग जास्त येतो.

पैशाचं म्हणाल तर नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवलीये. पावत्या, चॅट, कॉलचे स्क्रीनशॉट सगळं जपून ठेवलंय, तुम्हीही ठेवा, कारण माझी तक्रार गेल्यावर त्यांनी जाहिरातीतून सरकारमान्य हा शब्द गुपचूप काढून टाकला. परवा त्यांचा मेसेज आला, गूगलवरचा रिव्ह्यू डिलीट करा, अर्धे पैसे परत देतो. मी रिव्ह्यू काढलेला नाही, आणि आता ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे.